चार पाट्या मीठ

पुण्याच्या बाजूला लष्करी भंगाराचा लिलाव होता. आमचे मालक तिथं मोटारीचं एक इंजिन बघायला गेले होते आणि पारख करायला त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. इंजिनाकडं मी ढुंकूनही बघितलं नाही. त्याच्या मागं, गंजलेल्या पत्र्यांच्या ढिगात, मला माणसापेक्षा उंच असं एक लोखंडी नळकांडं दिसलं. वर झाकण, खाली तीन तोट्या, शेजारी एक टाकी. मी धावतच गेलो, झाकणाचे नट फिरवले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मूठभर हिरवट वाळू वर आली. काय सांगू, मला रडूच यायचं बाकी राहिलं.

लढाईच्या काळात इराकात, बसऱ्याला, मी दोन वर्षं याच वाळूची चाकरी केली होती. तिथल्या लष्करी इस्पितळाच्या बॉयलरला खाऱ्या, जड पाण्यानं कधी त्रास दिला नाही, तो या वाळूमुळं. मालकांना म्हणालो, "इंजिन सोडा. हे घ्या."

"हे काय आहे?"

"पाणी हलकं करायचं यंत्र."

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला उन्हाचा फटका बसला असावा. पण मी बोलायला लागलो की थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अर्धा तास मी त्यांना सोडलं नाही. शेवटी ते म्हणाले, "घेतो. पण तीन महिन्यांनी बॉयलरची पाहणी आहे. तेव्हा आत चुन्याची खपली निघाली तर हे यंत्र परत भंगारात जाईल, आणि त्याच्या मागोमाग तू."

"कबूल," मी म्हणालो. विचारबिचार काही केला नाही. माझा स्वभावच तसा. लढाई संपवून मी सव्विसाव्या वर्षी घरी कोरेगावला आलो, आठ दिवस वडिलांबरोबर उसाला पाणी पाजलं आणि नवव्या दिवशी भांडून सांगलीला निघून आलो, तोही असाच.

परतीच्या वाटेवर ट्रकच्या मागच्या बाजूला मी त्या यंत्राला टेकून बसलो होतो. खंबाटकीचा घाट उतरताना दोर जरा सैल झाला, तर मी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली आणि घाट संपेपर्यंत सोडली नाही. सातारच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "आवं हवालदार, बायकोला तरी इतकं जपाल का?" मला बायको नव्हती. मी नुसता हसत होतो. अंगावर गंजाचे डाग पडले होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आता हे एवढं वेड कशासाठी, ते सांगतो. आमचा सूत रंगवायचा कारखाना सांगलीच्या पूर्वेला, काळ्या रानात होता. कृष्णा तिथून मैलभर लांब. कारखान्याला पाणी विहिरीचं, आणि ते सवळ. जिभेला जड लागायचं. त्यात साबण फेसायचा नाही, फाटायचा. डाळ घातली तर पळीवर टणटण वाजायची. माणसं कुरकुर करून भागवून घेत, पण बॉयलरला ते जमत नव्हतं. आमचा बॉयलर म्हणजे रेल्वेच्या डब्याएवढं आडवं पिंप. आत दोन मोठे नळे, नळ्यांत कोळशाचा जाळ, भोवती पाणी. पाण्याची वाफ व्हायची आणि पाण्यातला चुना नळ्यांवर बसायचा. थरावर थर. चुना जाड झाला की नळ्याची ऊब पाण्याला मिळत नाही, लोखंड लाल होतं, फुगतं, आणि एक दिवस फाटतं.

मी यायच्या आदल्या वर्षी ते फाटलं होतं. वाफेचा झोत फायरमनच्या अंगावर आला होता. त्या फायरमनला सगळे मामा म्हणायचे, मीही. पन्नाशीचे, लहानखुरे, पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातले. घरची पिढीजात मेंढरं होती, थोरला भाऊ अजून कळप घेऊन फिरायचा. मामांच्या उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंतची कातडी भाजून चकचकीत झाली होती आणि तो हात पुरता वर जात नव्हता. तरी दर दोन महिन्यांनी बॉयलर थंड करून, वरच्या भोकातून आत शिरून, हातोडीनं चुना फोडायचं काम तेच करायचे. त्या भोकातून जाईल असा दुसरा माणूसच नव्हता. तीन-तीन दिवस आत ठोकत बसायचे आणि बाहेर आले की दिवसभर खोकायचे.

म्हणून सांगतो, माझी नोकरी हा एक भाग झाला. मला तो माणूस परत भाजलेला बघायचा नव्हता.

मामांनी बॉयलर आतून शेवटचा साफ केला आणि मी यंत्र उभं केलं. त्या दिवशी माझा आनंद पोटात मावत नव्हता. विहिरीचं पाणी वरून आत सोडलं, हिरव्या वाळूतून ते खाली आलं. बाटलीत घेतलं, साबणाच्या पाण्याचे थेंब टाकले आणि हलवलं. बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस! तो फेस मी कारखानाभर दाखवत हिंडलो. रंगाच्या कढईपाशी गेलो, मालकांच्या खोलीत गेलो, फाटकावरच्या पठाणाला दाखवला. मालक म्हणाले, "साबणाचा फेस आम्ही पूर्वीही बघितलाय." पण तेही हसत होते.

मग मामांना काम शिकवायला बसलो. पलटणीत शिकवतात तसं, नंबर देऊन. "मामा, वाळू पाण्यातला चुना धरून ठेवते. दिवसभरात तिचं पोट भरतं. मग रोज सकाळी तिला मीठ द्यायचं. चार पाट्या खडेमीठ टाकीत विरघळवायचं आणि एक नंबरची तोटी सोडायची. खारं पाणी वाळूतून गेलं की वाळू चुना सोडते. दोन नंबरनं ते सगळं बाहेर काढायचं. पाण्याची खारट चव गेली की तीन नंबर. वाळू परत ताजी."

मामांनी सगळं ध्यान देऊन ऐकलं. मग विचारलं, "आन् हे मिठाचं पानी जानार कुठं?"

"गटारात."

"समदं?"

"समदं. रोज."

मामा तोट्यांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, नंबर पाठ करताहेत.

पहिला महिना मी स्वतः मीठ घातलं. मग ते काम मामांवर सोपवलं आणि मी फक्त रोज सकाळी बाटली हलवायला जायचो. फेस यायचाच. मी बाटली उन्हात धरायचो, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो आणि दुसऱ्या कामाला लागायचो.

मामांची बायको, आमच्या सगळ्यांच्या मामी, फाटकाजवळच्या खोलीत राहायच्या. यंत्र चालू झाल्यापासून त्या रोज दोन घागरी त्याच्या तोटीवरून भरून न्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वाटीभर आमटी आणून दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "हवालदार, धा वर्सांत पयल्यांदा डाळ भांड्यात विरली बगा." माझी छाती तेव्हा दोन इंच फुगली होती. पण माझं डोकं कधी फिरेल ते मलाही सांगता येत नसे.

मामांवर काम सोपवून पंधरा दिवस झाले असतील. मामी घागर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पान्याला काय झालंय हो? सकाळच्या पान्यात डाळ शिजती, दुपारच्या पान्यात न्हाई."

माझ्या यंत्राला नाव ठेवलं! मी सरळ भडकलो. "मामी, हे यंत्र बॉयलरसाठी हाय, तुमच्या डाळीसाठी न्हाई. तुमी बायका दिवसभर घागरी भरून न्हेता, मग पानी जड व्हनार न्हाई तर काय?"

"आमी दोन घागरी न्हेतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचा बॉयलर हौदभर पितो."

खरंच होतं ते. पण खरं ऐकून घ्यायचं माझं वय नव्हतं. मी त्याच दिवशी तोटीला कुलूप घातलं. मामींनी रिकामी घागर काखेत मारली आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या डाळीच्या पाण्यासाठी मैलभर नदीवर जायला लागल्या. माझ्या खिडकीवरूनच जायच्या, पण आत बघायच्या नाहीत.

पाहणीला आठ दिवस राहिले होते. दुपारी चारचा सुमार. पंपाचं काम करून माझे हात वंगणानं माखले होते, म्हणून यंत्राच्या तोटीचं कुलूप काढलं आणि साबण लावला. साबण फाटला. हातावर दह्यासारख्या गुठळ्या झाल्या. मी परत लावला. परत गुठळ्या.

आणि मामींचं ते वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं. सकाळच्या पाण्यात शिजते, दुपारच्या पाण्यात नाही.

मी धावत जाऊन बाटली आणली. हलवली, आणखी जोरात हलवली. फेसाचा एक बुडबुडा नाही. रोज अर्धा दिवस बॉयलर जड पाणी पीत होता, आणि मी शहाणा रोज सकाळी, वाळू ताजी असताना, बाटली हलवून खूश होत होतो. आतल्या नळ्यांवर काय बसलं असेल याचा विचार करवेना. मला खूप राग आला होता आणि राग काढायला माझ्याशिवाय कुणी समोर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या सुमाराला मी यंत्रापाशी जाऊन उभा राहिलो. मामा आले, पोत्याचं तोंड सोडलं. एक पाटी टाकीत ओतली. दुसरी ओतली. तिसरी भरली आणि शेजारच्या रिकाम्या पोत्यात ओतली. चौथीही तिथंच. मी समोर उभा होतो तरी त्यांचा हात अडला नाही. लपवायचं असं त्यांच्या मनातच नव्हतं.

"मामा, हे काय चाललंय?"

"मीठ घालतोय."

"चार पाट्या सांगितल्या होत्या."

"दोनवर भागतंय की. तुमची बाटली रोज फेसती."

"आणि हे बाकीचं?"

ते मला कोळशाच्या कोठारामागं घेऊन गेले. पत्र्याखाली, विटांवर, ओल लागणार नाही अशी पोती रचून ठेवली होती. एकाही पोत्याचं तोंड उघडं नव्हतं. "खडा बी घरी न्हेला न्हाई," मामा म्हणाले. "भाऊ मेंढरं घिऊन हिकडं आला की मालकास्नी इचारून त्येला देनार व्हतो. मालक न्हाई म्हनले तर ऱ्हाऊ दे हितंच. पर गटारात न्हाई."

"का न्हाई?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुठल्या परक्या मुलखातून आलोय. "आवं, मीठ सांडलं, पायदळी गेलं, तर देवाघरी येक येक खडा पापन्यांनी येचावा लागतो. तुमच्या आईनं सांगितलं न्हाई व्हय?"

सांगितलं होतं. आमच्याकडं सगळ्यांच्याच आया सांगतात. लहानपणी ताटातलं मीठ सांडलं तर मी डोळे मिटून बसायचो. पण लष्करात गेलो आणि विसरलो. मामा विसरले नव्हते. ज्यांच्या मेंढरांना मिठाचा खडा चाटायला बाजारच्या दिवसाची वाट बघावी लागे, त्यांना रोज चार पाट्या गटारात सोडायला सांगणारा मी. दोन पाट्या सोडताना त्यांच्या जिवाला काय होत असेल, हे मला त्या वेळी कळलं. पण कळलं म्हणून राग थांबतो थोडाच.

"तुमचा खांदा बगा," मी ओरडलो. "मीठ वाचवता आन् परत भाजायचं म्हनता? आत नळ्यावर चुना बसला असंल. नळा फाटला तर आधी कोण जानार? तुमीच ना!"

"मला भाजलं तर ते हितल्या हितं मिटंल," मामा म्हणाले. "देवाघरचं न्हाई मिटत."

पलटणीत असं कुणी बोलत नसे. मग तोंडातून जे आलं ते आलं. "बरं, मग तुमच्या वाटणीचं मीठ मी वेचतो. आजपासून या गटारात जाईल तेवढं समदं. माझ्या पापन्यांनी. आता ओता."

मला वाटलं, हसतील. मामा हसले नाहीत. त्यांनी मला पोत्यावर हात ठेवायला सांगितला. "म्हना परत."

मी हात ठेवला आणि परत म्हणालो. मामांनी मान हलवली, तिसरी पाटी भरली आणि टाकीत ओतली. मग चौथी.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघं पेटलो होतो. साठवलेलं मीठ होतंच, म्हणून सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा वाळू ताजी केली. दर तासाला बाटली. सकाळी फेस, दुपारी फेस, संध्याकाळी फेस. बॉयलरच्या तळातला गाळ मामा दिवसातून तीनदा सोडून द्यायचे. हलक्या पाण्यानं जुना चुनाही थोडा सुटतो, हे मी बसऱ्याला बघितलं होतं, पण आठ दिवसांत किती सुटेल ते मला माहीत नव्हतं. जेवण जात नव्हतं, आणि तरी इतकं मजेत मी पूर्वी कधी काम केलं नव्हतं.

तोटीच्या कुलपाची दुसरी किल्ली मी मामींच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. माफी मागायला जीभ वळली नाही, म्हणून नुसती किल्ली ठेवली. दोन दिवसांनी बघितलं तर ती तिथंच होती आणि मामी नदीवर गेल्या होत्या.

पाहणीचा दिवस आला. बॉयलर दोन दिवस थंड केला होता, पाणी काढून टाकलं होतं. पाहणी करणारे बॉयलरसाहेब कोटाच्या बाह्या वर सारून आले. मालक होते. मामी दाराशी उभ्या होत्या. वरच्या भोकाचं झाकण काढलं. मामांनी सदरा उतरवला, कंदील आणि हातोडी घेतली आणि भाजका खांदा आधी आत घालून शिरले. मी भोकाला कान लावून पालथा पडलो.

नळा स्वच्छ असेल तर हातोडी वाजते. चुना असेल तर आवाज बद्द येतो. हे बॉयलरसाहेबांना ठाऊक होतं, मालकांनाही ठाऊक होतं.

पहिला ठोका बद्द आला.

मालकांनी माझ्याकडं बघितलेलं मला न बघताच कळलं. मग आतून मामांचा आवाज आला, घुमत. "थांबा जरा. ह्यो तळाचा गाळ हाय. नळा म्होरं हाय."

ते पुढं सरकल्याचा खरखर आवाज आला. मग ठोका.

खण्ण.

दुसरा. खण्ण. मग दुसऱ्या नळ्यावर. खण्ण, खण्ण, खण्ण, घंटा वाजवावी तसे वाजवत मामा शेवटपर्यंत गेले. मी लोखंडावर मूठ आपटत होतो आणि मला कळतही नव्हतं. जाळाच्या तोंडाशी मात्र परत आवाज जरा दबला. मामांनी तिथली खपली काढून वर माझ्या हातात दिली. नखाएवढी जाड, आणि अंगठ्यानं दाबली तर पिठासारखी झाली.

बॉयलरसाहेब स्वतः वाकून, कंदील फिरवून बघून आले. गुडघ्यांना चिखल लागला होता. "थोडं साफ करून घ्या," ते म्हणाले. "बाकी चालू द्या." आणि कागदावर सही केली. मालक यंत्रापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्यावर दोन थापा मारल्या आणि मला म्हणाले, "राहू दे याला. तूही राहा." एवढं बोलून ते साहेबांना चहाला घेऊन गेले.

मी अजून बॉयलरवर पालथाच होतो. खाली अंधारात कंदिलाच्या उजेडात मामांचं तोंड दिसत होतं, गाळानं भरलेलं.

"हवालदार, हायसा का?"

"हाय."

"त्या मिठाचं म्हनतोय. निम्मं माझं. तुमी येकटं मानूस, कवा येचनार येवढं."

मी खाली हात घालून त्यांच्याकडची हातोडी वर घेतली. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या मामी पुढं आल्या. उंबऱ्यावर ठेवलेली ती किल्ली त्यांनी पदराच्या गाठीतून सोडली, तोटीचं कुलूप काढलं आणि घागर खाली लावली.

"निम्मं नगं," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तिघांत वाटा. डाळ मी बी शिजवलीया त्या पान्यात."